शनिवारी घाणा थांबतो

चपला काढा आणि पाऊल पटकन उचला, फरशी तापली आहे. फाल्गुनातली एकादशी, दुपारचे बारा वाजत आलेत आणि नारायणगडावर नगद नारायणांच्या समाधीकडे जाणारी रांग काही हलत नाही. पुढच्या माणसाच्या सदऱ्याला घाम आणि बुक्का मिळून एक वास आहे. मागून कुणाचं तरी टोपलं तुमच्या पाठीत रुततंय. टाळांचा आवाज आतून घट्ट येतो आणि उन्हात आला की पातळ होतो. तुमच्या एका हातात नारळ आहे, दुसऱ्या हातातल्या पिशवीत नव्या ज्वारीची दोन मापं. आषाढीला ज्यांचं पंढरपूर होत नाही ती बीडकडची माणसं इथं येतात. धाकटी पंढरी म्हणतात या गडाला.

रांगेतल्या माणसाला सुचतात ते प्रश्न दोनच. देवाला काय द्यायचं, आणि घरी गेल्यावर कसं वागायचं? तुमच्या पुढच्या मावशींना दोन्हींची उत्तरं पाठ आहेत. माळ घातली की मटण नाही, दारू नाही, एकादशी मोडायची नाही. तुमच्या नारळाकडे बघून त्या म्हणतात, "नारळ काय, कुनी बी आनतंय. वागणं आना म्हनावं."

आता जरा कठड्याकडे सरका. खाली रान दिसतं. ज्वारी काढून झाली आहे, कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचल्या आहेत, आणि मोकळ्या वावरात एक म्हातारी वाकून काहीतरी उचलते आहे. खाली पडलेली, राहून गेलेली कणसं. ती सरवा वेचते आहे. वावर तिचं नाही. तिच्या घरातली कर्ती माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर गेली आहेत, पार खाली कोल्हापूर-सांगलीकडे, आणि हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय परतायची नाहीत. या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर अशीच म्हातारी आणि पोरं तेवढी उरलेली असतात.

सरवा. हा शब्द धरून ठेवा, कारण याच दोरीनं आपण खाली उतरणार आहोत. मराठी बायबलात तिसरं पुस्तक आहे, लेवीय. अर्पणांचे, शुद्धतेचे, वागणुकीचे नियम त्यात एकापुढे एक रचले आहेत. त्या नियमांत शेतकऱ्याला सांगितलंय की बांधाच्या कडेपर्यंत कापत जाऊ नकोस, खाली पडलेलं उचलायला परत फिरू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. तिथेही हाच शब्द आहे: सरवा. आपल्या आज्यांच्या तोंडातला.

टोपलं पाठीत रुततंय तोवर डोळे मिटा.

पहिला धक्का वासाचा. जळती चरबी, ओली लोकर, शेण, आणि त्या सगळ्यावर ऊदाचा गोड जड धूर. डोळे चुरचुरतात. पायाखाली पुन्हा तापलेला दगड आहे, पण हा पांढरा आहे आणि कुठेकुठे ओला. हे यरुशलेमचं मंदिर. मेंढरांचं बेंबाटणं, कबुतरांच्या पिंजऱ्यांची फडफड, लेवी गायकांचा आवाज आणि लहान पोरांचं रडणं एकमेकांत मिसळलंय. गर्दी गडावरच्यासारखीच आहे. इथंही मागून कुणीतरी ढकलतंय, आणि इथंही तुमच्या हातातल्या वस्तूकडे पुढच्या बाईचं लक्ष आहे.

तुमच्याकडे मेंढी किंवा बकरी नाही. हरकत नाही, नियम म्हणतो दोन कबुतरं चालतील. कबुतरांचेही पैसे नाहीत? मग एका एफाचा दहावा भाग सपीट आणा, म्हणजे साधारण दोन लिटर भरेल एवढं. गरिबाच्या त्या पापार्पणावर तेल घालायचं नाही, ऊद ठेवायचा नाही, साधं पीठ पुरे. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं रिकाम्या खिशाच्या माणसाला दारात उभं राहिलेलं पाहिलं असणार, असं मला हे कलम वाचताना दर वेळी वाटतं.

याजक तुमच्यासमोर येतो. त्याच्या तागाच्या झग्यावर शिंतोडे आहेत, कोपरापर्यंत हात काळवंडलेत. तो पिठात हात घालतो आणि मूठभर उचलून आगीत टाकतो. चर्रकन आवाज, करपलेल्या भाकरीचा वास. तुम्ही वाट बघता, बाकीचं पीठ कधी टाकतोय याची. तो टाकत नाही. बाकीचं पीठ याजकांच्या जेवणाचं. देवाचा वाटा मुठीएवढा.

पलीकडे एक कुटुंब उपकारस्तुतीचं अर्पण घेऊन आलंय, आजारातून कुणीतरी उठलं असावं. त्यांची लगबग बघा. त्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी संपवायला हवं, सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचं नाही. अख्खं जनावर एका घराला संपेल का? बाप चौकात उभा राहून ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांना हाका मारतोय. तुम्हालाही मारतो. तुम्ही माळकरी असाल तर नम्रपणे हात जोडा आणि पुढं चला.

हे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्यानं जाळलं. वेदी गेली, याजकांचा हात गेला, मूठभर पीठ टाकायला आगच उरली नाही. मग देवाला द्यायचं कसं? या प्रश्नाला मराठीत दिलेलं एक उत्तर आहे, आणि ते ऐकायला आपल्याला अलिबागला जावं लागेल. साधारण तीनशे वर्षांपूर्वीच्या.

डोळे उघडा. घट्ट धरून बसा, कारण तुम्हाला घाण्याच्या लाटेवर बसवलंय. वजन हवं म्हणून. बैल गोल फिरतोय, त्याच्या डोळ्यांवर झापडं आहेत, आणि तुम्ही त्याच्यामागे लाकडावर बसून गोल फिरताय. माड, झोपडी, गवताची गंजी, खाडी, पुन्हा माड. पोटात ढवळायला लागतं. लाट उखळात करकरते, तीळ फुटतात, आणि गरम, कडवट-गोड तेलाचा वास नाकातून थेट घशात उतरतो. हात तेलकट, मान तेलकट, पागोट्याची कड तेलकट. पेंडीवर माश्या घोंगावतायत. खारी हवा अंगाला चिकटते.

हे नवगाव. या लोकांचे पूर्वज इथल्याच किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात बाप्ये आणि सात बाया वाचल्या आणि पोथ्या समुद्रात गेल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. बायका नऊवारी नेसल्या आहेत, गळ्यात मंगळसूत्र आहे. पुरुषांची नावं कानावर पडतात: इसाजी, मुसाजी, हसाजी, समाजी. जरा कान देऊन ऐका, म्हणजे आयझॅक, मोझेस, इझिकेल आणि सॅम्युअल कोकणी पागोटं घालून उभे असलेले दिसतील. आडनावं गावांवरून येणार: नवगावकर, दिवेकर, केहिमकर, झिराडकर. हे बेने इस्राएल. यांच्याकडे आत्ता एकही हिब्रू पुस्तक नाही. लेवीय कुणी वाचलेलं नाही, असं काही पुस्तक आहे हेही बहुतेकांना माहीत नाही.

शुक्रवारची दुपार कलली आहे. एक कोळीण बुधली घेऊन आली. म्हातारा मालक माप बुडवतो, बुधलीवर उपडं करतो, धार संपते. तुम्हाला वाटतं झालं. तो माप तसंच धरून उभा राहतो. थेंब. मग बऱ्याच वेळानं आणखी एक थेंब. कोळीण त्याच्याकडे बघतही नाही, घरातल्या बाईशी पोराच्या खोकल्याविषयी बोलते आहे. तेल्याच्या मापात लबाडीला जागा भरपूर असते: तळाला मेण, काठाला खोच, धार जरा आधी मोडायची. लेवीयात खरा तराजू, खरा एफा, खरा हीन असा स्पष्ट नियम आहे, आणि हीन हे पातळ पदार्थांचंच माप. म्हाताऱ्याला त्या ओळी ठाऊक नाहीत. शेवटच्या थेंबाचा त्या नियमाशी सांधा मी जोडतो आहे.

कोळीण पैसे देत नाही, पाटी पुढं करते. वरचं केळीचं पान तिनं बाजूला केलं आणि पाटीत दोन कप्पे दिसले. एकात रावस, पापलेट, पाला. दुसऱ्यात मुशी, कोळंबी, माकुल, पाय हलवणारा एक खेकडा. दुसरा कप्पा ती यांच्याकडे वळवतही नाही. पर आणि खवलं असतील तीच मासळी या घरात जाते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलंय. ज्या समाजाकडे पुस्तक नाही, त्याचं एक कलम शेजारची कोळीण पाटीत सांभाळते आहे. डेव्हिड राहबी नावाचा एक प्रवासी पुढं इथं आला, त्यानं बायकांसमोर सगळ्या जातीची मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवलांची तेवढी वेचून घेतली, तेव्हा त्याला खूण पटली, अशी आठवण या समाजात सांगतात. तो प्रवासी कुठल्या काळातला यावर वाद घालणारे घालोत. मला त्या गोष्टीतले बायकांचे हात दिसतात. त्यांना कुणी विचारलं असतं की तुमचा धर्म काय, तर त्यांनी सांगितलं नसतं. त्यांनी वेचून दाखवलं.

सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला. एकदम धावपळ. घरात चुलीवर भात उतरला, मासळीचं कालवण उतरलं, नारळाच्या रसाचा आणि चिंचेचा वास अंगणात पसरला. मटण असतं तरी त्यात दूध-दही पडलं नसतं, मीठ चोळून आधी रक्त काढलं असतं. बैल हाकणाऱ्या पोराच्या पदरात म्हातारा त्याच्या दिवसाचं धान्य घालतो. दिवा लागायच्या आत. पोरगं पळतं. मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याकडे राहू देऊ नकोस, हाही त्याच पुस्तकातला नियम.

मग म्हातारा बैलाच्या मानेवरचं जू काढतो, डोळ्यांवरची झापडं सोडतो आणि कपाळावर हात फिरवतो. घाणा थांबतो.

तो आवाज थांबल्यावर काय होतं ते नीट ऐका. दिवसभर कानात करकर होती, ती गेली तरी थोडा वेळ कान आपणच वाजत राहतात. मग लाट येते किनाऱ्यावर. मग रातकिडे. घरात दिवा लागला. सगळे उभे राहतात आणि म्हातारा एक प्रार्थना म्हणतो: शेमा. यांच्याकडे राहिलेली ती एकच. बारशाला, आठव्या दिवशीच्या सुंतेला, लग्नाला, मयताला, प्रत्येक वेळी तीच. अर्थ पुरता कळत नाही, पण शेवटपर्यंत कुणी हलत नाही. अंधारात तेलाचा आणि ऊदाचा वास, आणि एवढ्या माणसांचा एकत्र श्वास.

शनिवार उजाडतो आणि तुमची पंचाईत होते. चूल पेटत नाही. कालचा भात, कालचं कालवण, जे थंड झाल्यावर अधिकच गोड लागतं. घाणा नाही, बाजार नाही, हिशोब नाही. हात सवयीनं खिशाकडे जातो. खिसा नाही आणि मोबाइलही नाही. पहिले दोन-तीन तास तुम्ही अंगणात नुसते येरझाऱ्या घालता. बैल माडाखाली बसून रवंथ करतोय, शेपटीनं माश्या वारतोय, त्यालाही आज सुटी आहे. दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा गुराढोरांपर्यंत आणि दारच्या परक्यापर्यंत पोचते, मालकापुरती राहत नाही. दुपारी कुणा घरची वृद्ध चुलती दारात येते. पडवीतले सगळे ताडकन उभे राहतात, तिला पाट देईपर्यंत कुणी बसत नाही. तुम्हीही उभे राहा. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहण्याचाही तिकडे लिहिलेला नियम आहे.

चारच्या सुमाराला कुणीतरी परगावचा माणूस रिकामी बुधली घेऊन येतो. गल्लीतला शेजारी त्याला परस्पर परतवतो. "आज शनवार. हे शनिवार तेली हायत, आज नाय देनार. उद्या ये." बस्स. एवढंच स्पष्टीकरण. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते ते सोमवार तेली, हे शनिवार तेली. शेजाऱ्यांना मोशे माहीत नव्हता, सीनाय पर्वत माहीत नव्हता. दर आठवड्याला एक दिवस कमाई सोडून देणारी माणसं त्यांनी पाहिली आणि त्या सोडण्याचंच त्यांना नाव दिलं. सातातला एक दिवस सोडणं गरीब तेल्याला किती महाग पडलं असेल, याचा विचार करा. त्यांची कबुतरं म्हणा, पीठ म्हणा, जे काय देवाला द्यायचं ते हेच.

एक दिवस आणखी थांबा, उद्या मलिदा आहे.

सकाळपासून अंगणात माणसं जमतायत. सहा-सात वर्षांचा एक मुलगा मध्ये बसवलाय. त्याचे केस जन्मापासून कापलेले नाहीत. आईनं नवस केला होता: मूल झालं तर केस राखीन. गणना या पुस्तकात नाझीराचं व्रत आहे, देवाला वाहिलेल्या माणसाच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं. आज केस उतरतात. पोरगं रडतं, मान खाजवतं, आई एकाच वेळी हसते आणि डोळे पुसते. कापलेले केस तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्यात चांदी. जेवढं वजन भरेल तेवढं दान. केस खाडीच्या पाण्यात सोडले.

आणि आता ते ताट. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुक्या मेव्याचे तुकडे. भोवती फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची पानं. ऊद जळतो. वास एकदम तुम्हाला यरुशलेमच्या चौकात नेतो, फक्त करपलेली चरबी त्यात नाही. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं नाव घेतलं जातं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी यांची श्रद्धा. मग हात फिरायला लागतात. प्रत्येकाच्या ओंजळीत मलिदा, फळाचा तुकडा. गूळ बोटांना चिकटतो. पोहे ओलसर, खोबरं दाताखाली कचकन मोडतं. परात रिकामी होईपर्यंत कुणी उठत नाही, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यालाही मिळतं.

लेवीयातलं सपीट, तेल आणि ऊद यांचं अन्नार्पण हेच इथं कोकणात पोहे आणि खोबरं होऊन बसलंय, असं समाजातले जाणते सांगतात. मला ते पटतं. वेदी गेल्यावर तिथला मूठभर वाटा परातीत आला आणि माणसांच्या ओंजळीत वाटला गेला.

पुढचं भराभर घडतं. कोचीनहून शिकवणारे आले. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हरहमीम, दयेचं द्वार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, बायबल मराठीत छापून आलं. त्या दिवसाची कल्पना करा: कुणीतरी पडवीत बसून लेवीय मोठ्यानं वाचतोय, आणि आतून आजीचा आवाज येतो, हे तर आपण करतोच की.

आजही पुष्कळ माणसं जुन्या धर्मग्रंथासमोर हातात यादी घेऊन बसतात. कुठलं कलम आज लागू, कुठलं रद्द? हा प्रश्न चुकीचा नाही, कारण सगळंच उचलून घ्यावं असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच लेवीयात महारोग्याला छावणीबाहेर बसवलंय, बाळंतिणीला आणि विटाळशीला अशुद्ध ठरवलंय. ज्या भूमीनं माणसं गावकुसाबाहेर ठेवली तिला ती कलमं कशी चावतात हे सांगायला नको. ती तिथंच राहू द्यावीत. पण मी नवगावच्या घाण्यावरून यादी घेऊन परत येत नाही. मापातला शेवटचा थेंब, दिवा लागायच्या आतली मजुरी, बैलाच्या डोळ्यांवरून काढलेली झापडं घेऊन येतो. हे नियम कुणी वाचले नाहीत आणि तरी शेकडो वर्षं टिकले, कारण ते रोजच्या हाताला लागले होते.

त्या समाजातले बहुतेक लोक पुढं इस्राएलला गेले. तिथंही मलिद्याची परात निघते, मराठी बोललं जातं. भारतात काही हजार उरलेत. खंडाळ्याचा कातळ जागेवर आहे.

टोपलं पुन्हा पाठीत रुतलं? मग आपण परत आलो. फरशी आणखी तापली आहे. रांग दहा पावलं सरकली, पुढच्या मावशी आत गेल्या. तुमच्या बोटांना गूळ लागलाय का, बघू नका, नारळ सांभाळा. ज्वारीची दोन मापं द्या आणि खाली उतरा.

उतरताना ते वावर लागेल. म्हातारी अजून वाकलेलीच आहे, ओट्यात दोन पसे जमलेत. तिचा मुलगा आणि सून फडावर आहेत, आणि त्यांनी उचलीपोटी घेतलेले पैसे फिटले की नाहीत ते मुकादमाच्या वहीत आहे. ती वही तुमच्या ओळखीच्या कुणाकडे असेल तर त्याला सांगा, त्यांचा हिशोब ती माणसं घरी परतायच्या आत खरा करून द्यायला. आणि पुढच्या सुगीला तुमचं वावर कापाल तेव्हा बांधाकडच्या दोन तासांना विळा लावू नका. ती येईल.